बांधावर एक, बुट्टीला एक

मासा आणि पाणी या दोन गोष्टींत विष्णूला कोणी शिकवायला गेलं की त्याचं डोकं फिरायचं. एरवी माणूस गाईसारखा. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा. साहेब ओरडला तरी ‘येस सर’ म्हणून खाली मान घालायचा. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये कोणी गाडी आडवी घातली तरी हॉर्नला हात लावायचा नाही. पण मासा कुठे बसतो, पाणी कधी चढतं, कधी उतरतं, यावर त्याच्यासमोर कोणी तोंड उघडलेलं त्याला खपत नसे. “आम्ही गगनबावड्याकडचे,” म्हणायचा, “आमच्याकडं पाऊस मोजत नाहीत, नुसता सोसतात.”

कारखान्यात एक गोरा मॅनेजर होता. तोही माशाचा वेडा. त्याच्या मुलखात डोंगरावर एक जलाशय होता आणि त्यात तपकिरी ट्राउट नावाचा मासा मिळायचा. तो मासा कोणी आणून सोडलेला नव्हे, तिथलाच, रानटी. माणसाची सावली पडली तरी पळणारा. जेवणाच्या सुट्टीत तो फोनवर फोटो दाखवायचा आणि विष्णू त्याला आपल्या धरणातल्या चिलापीचे फोटो दाखवायचा. मॅनेजर हसून म्हणायचा, हा तर तळ्यात पाळायचा मासा. विष्णूला ते फार लागायचं. अरे, कधीकाळी कोणी चार पिल्लं टाकली असतील त्या धरणात, पण त्यांच्या पोरांना, नातवंडांना कोणी दाणा घातला? आपली आपण जगली ना? मग रानटीच की तो! मॅनेजर रिटायर होऊन गेला तेव्हा ट्राउटचा आपला जुना रॉड त्याने विष्णूला दिला. तेव्हापासून विष्णूचा रविवार धरणाचा झाला.

धरण म्हणजे काय, तर पूर्वेकडच्या उघड्याबोडक्या डोंगरात दोन कड्यांच्या मध्ये घातलेली भिंत आणि तिच्यामागं अडलेलं हिरवं पाणी. त्या पाण्याला वरून एक वादी येऊन मिळायची. वादी म्हणजे तिकडची नदी, पण कोरडी. वर्षातले बहुतेक दिवस नुसते गोटे. धरणाच्या रस्त्यावर अरबी, इंग्रजी, उर्दूत पाटी होती. पाण्यात उतरू नका, पावसात वादीत जाऊ नका. गळ टाकू नका असं काही तिच्यावर लिहिलेलं नाही, असं विष्णू सगळ्यांना ठासून सांगायचा. खरं तर त्यानं ती पाटी कधी धड वाचलीच नव्हती.

त्याच्या सोबत असायचा नागेश, त्याच्या धाकट्या बहिणीचा, रुपालीचा नवरा. विष्णूनेच त्याला कारखान्यात पॅकिंगला लावून घेतलं होतं. मग रुपालीही आली, एका नर्सरीत मुलं सांभाळायला लागली. अल मजाजमधल्या एका टॉवरात त्यांनी मिळून दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. एका खोलीत विष्णू, त्याची बायको अपर्णा आणि शाळकरी मिहिका. दुसऱ्या खोलीत रुपाली आणि नागेश. मधली भिंत इतकी पातळ की इकडं कूस बदलली तरी तिकडं कळायचं. विष्णू वयानं मोठा, पण बहिणीचा नवरा म्हणून नागेशला तो कायम ‘पावणं’ म्हणायचा, अहोजाहो करायचा. नागेश त्याला ‘दादा’ म्हणायचा आणि दादा सांगेल ते ऐकायचा.

रुपालीला ही मासेमारी पसंत नव्हती. नवऱ्याला मासा दिसला की त्याचं भान सुटतं, हे तिला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं. पहिल्याच नागपंचमीला जावईबापू सासुरवाडीला आले, ताटावर बसले, आणि बाहेर कोणीतरी ‘चढण लागली’ म्हणून ओरडलं. बास! जावईबापू पुरणपोळी तशीच टाकून उष्ट्या हातानं ओढ्याकडे पळाले. ती गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती की मिहिकालाही पाठ होती.

चढण म्हणजे काय ते सांगतो. आमच्या त्या घाटाकडच्या गावांत ओढ्याला नवं, तांबूस पाणी आलं की खालचे मासे त्या पाण्याला तोंड देऊन वर चढायला लागतात. अंडी घालायला जातात म्हणे. त्या वेळी त्यांना माणूस दिसत नाही, काठी दिसत नाही. मग ओढा जिथं अरुंद असेल तिथं दगडांचा बांध घालायचा, मधे हातभर वाट ठेवायची आणि त्या वाटेला बुट्टी, म्हणजे बांबूची टोपली, लावून बसायचं. काम दोघांचं. एकानं बांध घालायचा, एकानं बुट्टी आणायची. एकट्यानं होत नाही. बुट्टी आणेपर्यंत मासा निघून जातो. विष्णूनं लहानपणी रुपालीला हेच शिकवलं होतं. तो बांधावर, ती बुट्टीला. एवढीशी पोर परकर खोचून बुट्टी घेऊन धावायची, आणि उशीर झाला की दादाच्या शिव्या खायची.

त्या रविवारी सकाळी रुपालीनं प्लॅस्टिकचा क्रेट भरून दिला. दर वेळी तीच भरायची. पाण्याच्या बाटल्या त्यात उभ्या रचायच्या, वर ओला पंचा घालायचा, म्हणजे उन्हात गार राहतात. ऑगस्ट महिना, सकाळीच अंगाची लाही होत होती. मिहिका सोफ्यावरून म्हणाली, “बाबा, इट्स फोर्टी-फोर डिग्रीज. हू गोज फिशिंग?” विष्णू हसला. रुपाली मात्र हसली नाही. लिफ्टपाशी येऊन तिनं नवऱ्याच्या देखत भावाला सांगितलं,

“दादा, ह्यांना पाण्यात उतरू द्यायचं नाही. तू आहेस म्हणून सोडते. आणि तुम्ही, दादा म्हणेल तिथंच पाय टाकायचा.”

नागेशनं शाळेतल्या पोरासारखी मान डोलावली. विष्णूनं तिच्या डोक्यावर टपली मारली आणि शब्द दिला. तुझा नवरा जसा नेतो तसा आणून देतो, म्हणाला. हा शब्द तसा त्यानं दर रविवारी दिला होता आणि दर रविवारी पाळलाही होता.

धरणाजवळ खजुराची एक छोटी बाग होती. तिची राखण मोईन नावाचा पेशावरकडचा म्हातारा करायचा. त्याला हे दोघं ओळखीचे झाले होते. जाताना त्याला एखादा मासा द्यायचा, हा रिवाज. त्या दिवशी मोईन बागेच्या फाटकाशी उभा होता. त्यानं दूर वरच्या डोंगरांकडे बोट केलं. तिथं माथ्यावर ढगांचा एक काळपट पुंजका बसला होता. “आज ऊपर ही रहना भाई,” तो म्हणाला, “वहाँ बरसेगा तो यहाँ आएगा.” विष्णूनं मान हलवली आणि गाडी पुढं काढली. पुढं गेल्यावर नागेशला म्हणाला, ह्या खानाला पाण्यातलं काय कळतंय, ह्याच्या बागेला टँकरनं पाणी येतं. दोघंही हसले.

सकाळ बरी गेली. भिंतीपासून दूर, जिथं धरणाचा फुगवटा संपतो आणि वादीचे गोटे सुरू होतात, तिथं एका कड्याच्या सावलीत दोघं बसायचे. हळद घालून मळलेल्या कणकेच्या गोळ्या गळाला लावायच्या आणि तुटक्या स्लिपरचा तुकडा पाण्यावर तरंगत ठेवायचा. चार-पाच चिलापी मिळाल्या. एक काळा, जुना नर दोघांनाही कित्येक महिने हुलकावण्या देत होता. तो आजही कणीक तेवढी खाऊन गेला. नागेशनं त्याला गावच्या सरपंचाचं नाव ठेवलं होतं, कारण तोही खातो आणि सापडत नाही. दुपार कलल्यावर लांब कुठंतरी गडगडलं. इथं मात्र लख्ख ऊन. एक थेंब नाही. विष्णूनं वर पाहिलं, निळं आभाळ दिसलं आणि तो निश्चिंत झाला. इथंच त्याचं चुकलं. आपल्याकडं आधी आपल्या डोक्यावर पडतं, मग ओढ्याला येतं. माणूस भिजून चिंब झालेला असतो तेव्हा कुठं पाणी गुडघ्याला लागतं. त्या डोंगरात तसं नसतं. तिथं माती नाही, झाड नाही, पाणी धरून ठेवायला काही म्हणता काही नाही. पडलं की सगळंच्या सगळं खाली. पण हे त्याला कोण सांगणार? मोईननं सांगितलं होतं, तर तो टँकरवाला ठरला.

आधी नागेशला दिसलं. गोट्यांमधून एक बारीक ओघळ येत होता, बोटभर रुंद. त्याच्या तोंडाशी फेस, काड्या, शेळ्यांच्या लेंड्या. ओघळ धरणाच्या हिरव्या पाण्यात मिसळला आणि तिथं तांबूस डाग पसरायला लागला. बघता बघता ओघळाचा पाट झाला. आणि मग त्या उथळ पाण्यात पाठी दिसायला लागल्या. एक, दोन, पुष्कळ. काळ्या, करड्या पाठी पाण्याबाहेर काढून चिलापी त्या तांबड्या पाण्याकडं तोंड करून सरसर पुढं सरकत होत्या.

विष्णू उभा राहिला. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. किती वर्षांत बघितलं नव्हतं हे! सुट्टी मिळायची ती दिवाळीला नाहीतर लगीनसराईत, पावसाळ्याचं गाव त्याला दिसतच नव्हतं. आणि आज या वाळवंटात, या जळक्या दगडांत, गाव स्वतः चालत आलं होतं.

“चढण लागली, पावणं!”

गोष्ट ठाऊक असलेल्या कोणालाही वाटेल की नागेश लगेच धावला असेल. तो धावला नाही. हेच नीट लक्षात ठेवा. पुरणपोळी टाकून पळालेला तोच माणूस त्या दिवशी रॉड हातात धरून जागेवर उभा राहिला. डोळे मात्र त्या पाठींवर खिळलेले. वर वादी जिथं वळते, तिथं दोन मोठ्या शिळांच्या मध्ये तिचं पात्र अरुंद झालं होतं. विष्णूनं तिकडं हात केला. तिथं बांध घाला, म्हणाला, वाट ठेवा हातभर, मी गाडीतून क्रेट आणतो, बुट्टीचं काम करील. नागेशनं एकदा त्या शिळांकडं आणि एकदा विष्णूकडं पाहिलं.

“दादा, रुपालीनं सांगितलंय पाण्यात उतरायचं नाही.”

“पाणी कुठंय? घोटाभर तरी आहे का? आणि मी आहे ना.”

मी आहे ना. झालं. यापुढं नागेशकडं बोलायला काही उरलं नाही. दादा म्हणेल तिथंच पाय टाकायचा, असं बायकोनं सांगितलेलं. दादा म्हणाला, तिथं. त्यानं रॉड कड्याला टेकवून ठेवला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो वादीत उतरून वरच्या अंगाला चालू लागला. चार पावलं गेल्यावर मात्र त्याचं पाऊल बदललं. तो पळतच सुटला.

गाडी वर रस्त्याच्या कडेला होती. विष्णू चढ चढून धापा टाकत तिथं पोचला. डिकी उघडली. घाई होती, पण माणूस स्टोअरकीपर. त्यानं ओला पंचा काढून घडी घातली, क्रेटमधल्या बाटल्या एकेक करून डिकीच्या कडेच्या खाचेत एका रांगेत गच्च उभ्या केल्या आणि रिकामा क्रेट उचलला. तेवढ्यात खिशातला फोन किंचाळला. सरकारचा इशारा होता, मोठा कर्कश आवाज, सगळ्या फोनवर एकदम येतो तसा. त्यानं वाचायच्या आधीच बागेतून मोईनची हाक आली. म्हातारा बागेच्या कडेला उभा राहून दोन्ही हात हलवत होता. वादी, वादी, एवढंच ऐकू आलं.

विष्णूनं वळून पाहिलं. तिथून त्याला वळणाच्या पलीकडचंही दिसत होतं आणि अलीकडचंही. पलीकडं पाणी होतं. पाणी तरी कसं म्हणावं त्याला? चिखल, गोटे, खजुराच्या झावळ्या, कुणाच्या तरी कुंपणाची जाळी, असं सगळं एकत्र, माणसापेक्षा उंच, कड्यापासून कड्यापर्यंत. ते घाईत आहे असंही वाटत नव्हतं. अलीकडं नागेश वाकून दगड रचत होता. बांध जवळजवळ पुरा झाला होता.

विष्णू ओरडला. घसा फाटेस्तोवर ओरडला. नागेशनं वर पाहिलं. क्रेट हातात घेऊन उभा असलेला दादा त्याला दिसला. तो हसला. खाली वाकला, दोन्ही हातांत एक मासा धरून त्यानं वर करून दाखवला. काळा होता. तोच जुना, सरपंच.

विष्णू उतारावरून खाली धावला, पण अर्ध्या वाटेतच पाणी त्याच्या पायाशी आलं. नागेशनं मागं वळून पाहिलं का, ते त्याला नंतर किती आठवलं तरी आठवेना. एकदा एक हात दिसला. त्या हाताकडं त्यानं क्रेट भिरकावला, धरील म्हणून. क्रेट गेला, हात गेला. विष्णू घाटातला पोहणारा, पण त्यानं उडी मारली नाही. मारून उपयोग नव्हता. हे सगळ्यांनी त्याला नंतर सांगितलं आणि ते खरंही होतं.

नागेश दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला. सिव्हिल डिफेन्सची माणसं बोट घेऊन आली होती. कड्याच्या सावलीत, हे दोघं दर रविवारी गळ टाकून बसायचे तिथंच, काड्याकचऱ्यात तो अडकला होता.

पोलिसांनी विचारलं तेव्हा विष्णूच्या बाजूला दुभाषा म्हणून एक मल्याळी माणूस होता. ऑफिसर तरुण होता, शांतपणे बोलत होता. पाटी लावलेली असताना तुमचा माणूस वादीत का उतरला?  विष्णूला पोलिसांची भीती वाटली हे खरं, व्हिसाची वाटली, नोकरीची वाटली. पण सगळ्यात जास्त भीती वाटली ती लिफ्टपाशी उभ्या असलेल्या बहिणीची. आणि त्याच्या तोंडून शब्द गेला.

“मी नको म्हटलं होतं. त्यानं ऐकलं नाही.”

एवढंच. मोईनलाही विचारलं. म्हाताऱ्यानं जे पाहिलं तेच सांगितलं. एक खाली होता, एक वर. वरचा ओरडत होता. हातात होतं ते वरच्यानं पाण्यात फेकलं, त्याला वाचवायला. सगळं जुळलं. खऱ्याला खोट्याचं इतकं बेमालूम ठिगळ लागलं की विष्णूला स्वतःलाच क्षणभर हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची त्याला पुढं किळस आली.

घरी ही गोष्ट त्याच्या आधीच पोचली होती. कारखान्यातले लोक, बिल्डिंगमधले लोक, सगळे येऊन तेच बोलत होते. विष्णूनं किती सांगितलं असेल, पण म्हणतात ना, विनाशकाले विपरीत बुद्धी. मग कोणीतरी पुरणपोळीची गोष्ट काढायचं आणि माना हलायच्या. म्हणजे जी गोष्ट इतकी वर्षं हसायला होती, तीच आता त्या बिचाऱ्यावर पुरावा म्हणून उभी राहिली. मेलेल्या माणसावर काय, हवं ते घाला. तो काही उठून बोलत नाही.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारच्या अर्चनावहिनींनी पिठलं-भाकरी आणून दिली, कडू घास म्हणतात तो. रुपाली तोंडाला लावेना. अपर्णानं सांगून पाहिलं, मिहिकानं रडत रडत “आत्या, प्लीज, जस्ट वन बाइट” म्हणून पाहिलं. शेवटी रुपाली म्हणाली, दादा भरवील तर खाईन. त्यानं जिवाचा आटापिटा केला ह्यांच्यासाठी, त्याच्या हातचं खाईन. विष्णूनं भाकरीचा तुकडा मोडला. पिठल्याला लावून तिच्या तोंडाशी नेला आणि लोकांना त्याचंच कौतुक वाटलं, भाऊ असावा तर असा. रुपालीनं तो घास चावून चावून गिळला.

शवागारात ओळख पटवायला नेलं, तेव्हा विष्णू तिच्या मागं उभा होता. चादर बाजूला केली. रुपाली रडेल म्हणून तिथल्या नर्सनं खुर्ची पुढं केली होती. रुपाली रडली नाही. ती वाकली आणि नवऱ्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन दातओठ खात बोलली. “एवढंसं सांगितलं होतं. एवढंसं ऐकवलं नाही तुम्हाला. मासा महत्त्वाचा. हावरट, हावरट मेले!” विष्णूच्या जिभेवर आलं होतं. खरंच आलं होतं. पण जीभ काही हलली नाही, आणि चादर परत वर ओढली गेली.

आणि गावाकडून नागेशच्या आईचा, तानुबाईचा फोन आला. म्हातारी पंचाहत्तरीची. ती आधी पुष्कळ वेळ नुसती हुंदके देत राहिली. मग म्हणाली, “विष्णूबाळा, आमच्या लेकरानं तुझा शब्द मोडला. तूच त्याला पोटाला लावलास आन त्यानं तुलाच खाली बघायला लावलं. माफी कर बाबा त्याला.” विष्णू फोन धरून बाल्कनीत उभा राहिला. खाली खाडीच्या कडेला लोक फिरायला आले होते, पोरं सायकली चालवत होती. त्यानं म्हातारीला सांगितलं, असं बोलू नका. आणि फोन ठेवला. यापेक्षा जास्त काही त्याच्यानं झालं नाही.

कागदपत्रं झाली. मयत गावी न्यायचं ठरलं, रुपाली आणि विष्णू सोबत जाणार होते. निघायच्या दिवशी दुपारी रुपालीला आठवलं, ह्यांची बॅग गाडीत राहिलीय. त्या दिवशी बदलायचे कपडे होते तिच्यात. कोणाला न सांगता ती किल्ली घेऊन खाली पार्किंगमध्ये गेली.

ती परत आली तेव्हा विष्णू खोलीत पासपोर्ट बघत बसला होता. अपर्णा आणि मिहिका बाजारात गेल्या होत्या. रुपालीच्या एका हातात नवऱ्याची बॅग होती आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. बाटली तिनं टेबलावर ठेवली. पंचाही ठेवला. घडी घातलेला, वाळून कडक झालेला.

“दादा, क्रेट तू कधी फेकलास?”

पावणं वाहताना दिसले तेव्हा, विष्णू म्हणाला. पाणी आलं, मी क्रेट उचलला आणि टाकला.

“मग बाटल्या कधी काढल्यास? सगळ्या बाटल्या रांगेत उभ्या आहेत. पंचाची घडी केलीय. माणूस वाहून जाताना कोण घडी घालतं?”

विष्णूनं तिच्याकडं पाहिलं. ती अजून उभीच होती. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

“बांधावर एक, बुट्टीला एक,” रुपाली म्हणाली. “एकट्यानं होत नाही. तूच शिकवलंस मला. ते नुसते मासा बघून पळाले असते, तर हातानं धरत बसले असते. बांध घातलाच नसता त्यांनी. बांध कधी घालतात, दादा? बुट्टी आणायला कोणी गेलेलं असतं तेव्हा.”

बांधाचं लोकांना विष्णूनंच सांगितलं होतं. वेडा दगड रचत बसला होता, म्हणून. आता त्यानं बोलायचा प्रयत्न केला. माझ्या मनात तसं नव्हतं, पाणी घोटाभर होतं, मला काय माहीत, असं काहीतरी. पण एकही वाक्य पुरं होईना. शेवटी तो खाली मान घालून बसला, कारखान्यात साहेबासमोर बसायचा तसा. मग म्हणाला, नको म्हणत होते ते. तुझं नाव घेतलं त्यांनी. मी म्हटलं, मी आहे ना.

रुपाली पलंगाच्या कडेवर बसली. बॅग तिनं मांडीवर घेतली. पलीकडच्या फ्लॅटमधला टीव्ही ऐकू येत होता.

“म्हणजे ऐकलं होतं त्यांनी. माझंही ऐकलं, तुझंही ऐकलं.” तिनं बॅगेवरून हात फिरवला. “आणि मी त्यांच्या मेलेल्या तोंडावर शिव्या दिल्या. तू मागं उभा होतास, दादा. तू मला देऊ दिल्यास.”

विष्णूनं तिच्या पायाला हात लावायला वाकून पाहिलं. तिनं पाय मागं घेतले. रागानं नव्हे, परका माणूस वाटेत आला की आपण घेतो तसे. मग तिनं आपला फोन काढला, सासूचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्याच्या समोर धरला.

“आत्तींना तू सांगायचंस. आत्ता. विमानात बसायच्या आधी. त्यांनी लेकासाठी तुझी माफी मागितलीय.”

घंटी वाजत राहिली. विष्णूला वाटलं, म्हातारी झोपली असेल, फोन लांब असेल, उचलणार नाही. तिकडं खरखर झाली. मागं पावसाचा आवाज येत होता. तानुबाईनं हॅलो म्हटलं, सून बोलत नाही असं पाहून कोण, विष्णूबाळा का, म्हणून विचारलं, आणि तो काही बोलायच्या आत, नेहमीसारखं, तिनंच विचारलं, जेवलास का रे बाळा.